निपाणी: सीमेवरचं तंबाखूचं गाव

कागल मागे पडलं की पुणे–बेंगळुरू महामार्गावर कोगनोळीपाशी कर्नाटक सुरू होतं. पाट्या कन्नड होतात, गाड्यांच्या नंबरात एमएच-09 च्या जोडीला केए-23 दिसायला लागतं. बोली मात्र बदलत नाही. निपाणीच्या बाजारात घासाघीस होते ती कोल्हापुरी वळणाच्या मराठीतच.

पेशवाईच्या अखेरच्या काळात हे गाव सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर ऊर्फ आप्पा देसाई निपाणकरांचं. पुढं ते मुंबई इलाख्यात आलं. एप्रिल 1925 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली, ती इथंच. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचनेत गाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. दोन राज्यांच्या सीमावादावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्यायला सांगितलं होतं. पण बेळगाव नाकारणारा तो अहवाल महाराष्ट्राला मान्य झाला नाही. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तोवर दवाखान्याला कोल्हापूर आणि सरकारी कागदाला चिकोडी, बेळगाव.

गावाचं वर्ष ठरतं ते तंबाखूवर. काळ्या रानात पावसाळ्याच्या उत्तरार्धात रोपं लावतात. कळी दिसली की शेंडा खुडायचा, नाहीतर झाडाची ताकद फुलात आणि बियांत जाते. शेंडा गेला की पानांच्या बेचक्यांतून फुटवे येतात. तेही आठ-दहा दिवसांनी काढत राहावं लागतं. हातांना काळा चिकट चीक बसतो, साबणानं सहज निघत नाही. ओल्या पानांत फार वेळ राहिलं तर निकोटिन कातडीतून अंगात जातं, मळमळतं, गरगरतं.

पान जाड होऊन त्यावर तांबूस ठिपके आले की झाड बुडातून कापून रानातच उन्हात वाळवतात. या दिवसांत अवकाळी आला की पान काळं पडतं, बुरशी धरते. आणि कडक वाळल्यावर भर दुपारी हात लावला तर चुरा होतो. म्हणून उचलायचं ते पहाटे, दवानं मऊ पडलेलं असताना.

मग माल वखारीत. तिथं कुटणं, चाळणं, निवडणं, सगळं बायकांच्या हातून. हवेत तंबाखूची धूळ, तोंडाला पदर, तरी खोकला सुटत नाही. विडी वळणंही बहुतेक घरोघरच्या बायकांचंच काम. तेंदूपान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कातरायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड मुडपून दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. तपासणीत सैल, फाटकी निघाली की छाट. तिची मजुरी नाही. पानं निकृष्ट आली तर छाट वाढते आणि भुर्दंड वळणारणीलाच.

शेतकऱ्याचीही तीच गत. 1943 पासून 1979 पर्यंत कच्च्या तंबाखूवर केंद्राचा अबकारी कर होता. माल परवानाधारक वखारीतच जायचा, त्यामुळं व्यापाऱ्याची पकड घट्ट. कर गेला, पकड राहिली. मार्च 1981 मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी शेतकरी याच महामार्गावर बसले. रस्ता सुमारे तीन आठवडे अडला. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकऱ्यांचे बळी गेले.

आता पाणी पोचलं तिथं ऊस उभा आहे. कोरडवाहू रानात मात्र अजून तंबाखूच लागते.