ऑपरेशनचा हात

या माहितीपटात एकही चेहरा दिसणार नाही. भंडारा जिल्ह्यातल्या ज्या ताईंच्या घरी हे चित्रीकरण झाले, त्यांची अट एवढीच होती की नातेवाइकांत आपली ओळख ‘कॅन्सरवाली’ अशी होऊ नये. म्हणून दोन्ही दिवस कॅमेरा केवळ त्यांच्या हातांवर राहिला. आता पडद्यावर दिसतो आहे तो उजवा हात. त्यात हिरव्या काचेच्या सहा बांगड्या आहेत. डावा हात मनगटापासून दंडापर्यंत घट्ट, कातडीच्या रंगाच्या लवचिक बाहीत आहे आणि त्यात बांगडी नाही.

सहा वर्षांपूर्वी नागपुरात त्यांच्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठी काढल्या गेल्या, मग किमो झाले आणि शेवटी रेडिएशन, म्हणजे रुग्ण ज्याला ‘लाइट’ म्हणतात ते, झाले. उपचार संपल्यावर दीड वर्षाने पुतणीच्या लग्नासाठी घरी कासारीण आली आणि बांगड्या भरताना थबकली. उजव्या हाताला दोन-चारची बांगडी सहज बसली, डाव्या हाताला दोन-आठचीही अडली. ताईंना वाटले, वय वाढले, अंग भरले. पण अंग भरते तेव्हा दोन्ही हात भरतात; इथे ऑपरेशनच्या बाजूचा एकच हात सुजला होता.

डॉक्टर या सुजेचे निदान टेपने करतात. दोन्ही हातांचे ठरावीक जागी घेर मोजायचे आणि दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक आढळला तर संशय घ्यायचा, ही जुनी व अजूनही वापरातली पद्धत आहे. बांगडीचे माप तिच्या आतल्या व्यासाचे असते; त्यातले पहिले अंक इंच असतात आणि दुसरे इंचाचे सोळावे भाग, म्हणून व्यासावरून घेराचा हिशोब केला तर दोन-चार आणि दोन-आठ यांच्या घेरातला फरक जवळजवळ तेवढाच, दोन सेंटिमीटर, भरतो. मोजण्याच्या जागा वेगळ्या असल्याने हा योगायोगच म्हणायला हवा, तरीही कासारणीचा अंदाज टेपच्या फार मागे नव्हता.

या सुजेला वैद्यकात लिम्फेडीमा म्हणतात. रक्तवाहिन्यांतून पाझरलेले पाणी आणि त्यातली प्रथिने गोळा करून पुन्हा रक्तात नेणाऱ्या अतिशय बारीक वाहिन्यांचे जाळे शरीरभर पसरलेले असते. त्या द्रवाला लसिका म्हणतात, आणि हाताची बहुतेक लसिका काखेतल्या वीस-तीस गाठींतून गाळून पुढे जाते. कर्करोग पसरण्याचा पहिला रस्ताही तोच असल्यामुळे या गाठी काढाव्या लागतात. गाठी गेल्या, त्यावर रेडिएशनने उरलेल्या वाहिन्याही आक्रसल्या, की पाट बुजलेल्या बांधीसारखी स्थिती होते: पाणी येत राहते, निघायला वाट अपुरी पडते. सुरुवातीची सूज हात उंच ठेवल्यावर उतरते. पुढे प्रथिने साचून तिथे चरबी आणि तंतू तयार होतात आणि हात कायमचा जड, कडक होतो.

काखेतल्या गाठी पूर्णपणे काढलेल्या साधारण पाचांपैकी एका स्त्रीला हा त्रास होतो. बहुतेकींना तो पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसतो, पण दहा वर्षांनीही उद्भवू शकतो. म्हणजे तपासण्यांचे अंतर लांबलेले असते, ‘आता सगळे बरे आहे’ असे घरच्यांनी सर्वांना सांगून झालेले असते, आणि तेव्हा हात सुजतो.

भंडाऱ्यात या सुजेला एक वेगळाच शेजार आहे. पूर्व विदर्भात डासांमुळे पसरणारा हत्तीपाय पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे आणि त्याच्या गोळ्यांचे वाटप घरोघरी होत आले आहे. त्यामुळे ताईंचा हात पाहून शेजारणीने सरळ विचारले, गोळ्या चुकवल्या होत्या का? प्रश्न अज्ञानाचा असला तरी अगदीच बिनबुडाचा नव्हता, कारण दोन्ही आजारांत बिघडते ती हीच लसिकेची वाट; हत्तीपायात ती जंतामुळे बिघडते, इथे उपचारामुळे. विल्यम हॅल्स्टेड या अमेरिकी शल्यविशारदाने १८९४ मध्ये स्तन, छातीचे स्नायू आणि काख एकत्र काढण्याची आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तिने पाऊण शतक जगभर राज्य केले, आणि त्यानेच १९२१ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या हाताच्या सुजेवर लिहिताना तिला शस्त्रक्रियाजन्य हत्तीरोग असे नाव दिले. शेजारणीने आणि हॅल्स्टेडने एकच तुलना केली; फक्त हॅल्स्टेडला कोणी अडाणी म्हटले नाही.

गेल्या तीस वर्षांत काखेवरची शस्त्रक्रिया आखडती झाली. निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचून लसिका सर्वांत आधी पोहोचते त्या दोन-तीन पहारेकरी गाठीच काढून तपासतात, आणि त्या निरोगी असतील तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. अशा स्त्रियांमध्ये सुजेचे प्रमाण शंभरात पाच-सहा इतके खाली येते. मात्र आपल्याकडे अनेक जणी स्तनातली गाठ मोठी झाल्यावर, रोग काखेत पसरल्यावर रुग्णालयात पोहोचतात आणि त्यांना हा पर्याय उरत नाही. ताई त्यांच्यापैकीच एक.

आता त्यांचा दिवस पाहू. सकाळी उठल्याबरोबर, सूज कमी असतानाच बाही चढवावी लागते. विदर्भातल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसापर्यंत जातो तेव्हा, तीच बाही दिवसभर अंगाला चिकटून राहते. भांडी घासताना ती भिजू नये म्हणून वर रबरी मोजा चढतो. बाहीची पकड साधारण सहा महिन्यांत सैल पडते आणि नवी घ्यावी लागते, हा खर्च कुटुंबाच्या हिशोबात औषधाच्या नव्हे तर कपड्याच्या रकान्यात जातो, आणि म्हणून लांबतो. त्वचेची निगा, हलक्या हाताने केलेला विशिष्ट मसाज, थरांनी बांधलेल्या पट्ट्या आणि व्यायाम मिळून सूज आटोक्यात राहते, नाहीशी होत नाही.

सर्वांत मोठी भीती आहे ती चिखलाची. धानाच्या रोवणीत पायाला, हाताला खरचटणे कोणी मोजत नाही, पण लसिकेची वाट बंद असलेल्या हातात जंतू शिरले तर काही तासांत हात लाल, गरम होतो, थंडी वाजून ताप चढतो, आणि प्रतिजैविके वेळेवर सुरू झाली नाहीत तर रुग्णालयात दाखल व्हावे लागते. असा प्रत्येक जंतुसंसर्ग उरलेल्या वाहिन्यांनाही थोडे आणखी बुजवतो. ताईंना हे दोनदा झाले. तेव्हापासून रोवणीला त्या जातात, पण बांधावर बसून पेंढ्या मोजतात. मजुरी त्यामुळे निम्मीच पडते, हे त्यांनी आम्हाला आपणहून सांगितले नाही. त्यांच्या जावेने सांगितले.

बाकीचे परिणाम दिसत नाहीत, म्हणून त्यांना कॅमेऱ्याचा उपयोग नाही. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी नस शस्त्रक्रियेत कापली गेल्याने तिथे पदराचा स्पर्श कळत नाही. किमोच्या एका औषधाने बोटांची टोके बधिर झाली. सुईत दोरा ओवण्याचे काम आता मुलीकडे आहे. हार्मोन रोखणाऱ्या गोळीने सकाळी गुडघे आणि बोटे आखडतात.

वर्षानुवर्षे अशा स्त्रियांना एकच सल्ला मिळाला: या हाताने जड उचलू नका. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर येथे डॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या चोवीस स्त्रियांना लांब ड्रॅगन नावेत बसवून वल्ही मारायला लावले आणि त्यांचे हात सुजले नाहीत. पुढे २००९ मध्ये अमेरिकेत सूज असलेल्या १४१ स्त्रियांवरील अभ्यासात, आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजन उचलणाऱ्यांची सूज वाढली नाहीच, उलट त्रास उसळण्याचे प्रसंग इतरांपेक्षा निम्मे झाले. या निष्कर्षाचा अर्थ भरलेला हंडा उद्यापासून डाव्या कडेवर घ्यावा असा नाही. वजन किती, ते कोणत्या क्रमाने वाढवायचे आणि बाही घालून की न घालता, हे सांगायला प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट लागतो, आणि ताईंसाठी तो साठ किलोमीटर दूर नागपुरात आहे. तिथे त्या महिन्यातून एकदा जातात. मधल्या दिवसांत पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीवर काम भागते.

संध्याकाळचे सात. बाही उतरते तेव्हा हातावर तिच्या विणीची बारीक जाळी उमटलेली असते. ताई हात धुतात, पुसतात, खोबरेल तेल लावतात. मुलगी शिवणाच्या टेपने मनगट, कोपराखालचा भाग आणि दंड मोजते आणि आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिते. काल मनगटावर अठरा सेंटिमीटर होते. आज साडेसतरा आहेत. धुतलेली बाही ओसरीतल्या दोरीवर वाळत पडली आहे.