बोरिवली लोकल आणि लघवीची गोळी

नमस्कार श्रोतेहो.

बोरिवलीहून चर्चगेटला नोकरीला जाणारे एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. हृदय थकलेलं, म्हणून अंगात साठलेलं पाणी काढणारी फ्युरोसेमाइड, आपण जिला लघवीची गोळी म्हणतो, ती चालू होती. तरी पायांची सूज हटेना. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, सकाळी गोळी घेतली की अंधेरी यायच्या आत पंचाईत होते. लोकलमध्ये जायचं कुठे?" म्हणून कामाच्या दिवशी ते गोळीच टाळत. रविवारी मात्र अगदी न चुकता!

मीही त्यांचं दिवसाचं वेळापत्रक कधी विचारलं नव्हतं.

हृदयालाही वेळापत्रक असतं बरं का. रात्री झोपेत रक्तदाब साधारण 10 ते 20 टक्के उतरतो आणि सकाळी उठता उठता चढू लागतो. त्याच सुमारास रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळात जास्त येतात, ते यामुळेच. मग बीपीची गोळी रात्रीच घ्यावी का? 2019 मध्ये स्पेनमधल्या एका अभ्यासाने तसा मोठा फायदा सांगितला आणि बरेच रुग्ण कात्रणं घेऊन दवाखान्यात हजर झाले. पुढे 2022 मध्ये ब्रिटनमधल्या 'टाइम' या चाचणीचे निकाल आले. 21 हजारांहून अधिक माणसं, पाच वर्षांहून जास्त काळ. सकाळी घ्या वा रात्री, झटक्यांत काही फरक नाही. मला त्यात फारसं नवल वाटलं नाही. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीचंच बघा, रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात. तिला सकाळ काय आणि रात्र काय!

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या सिम्वास्टॅटिनची गोष्ट वेगळी. यकृत कोलेस्टेरॉल तयार करतं ते मुख्यतः रात्री, आणि ही गोळी काही तासांतच ओसरते, म्हणून ती रात्रीच घ्यायची. अ‍ॅटॉर्वास्टॅटिनही त्याच कामाची, पण बराच वेळ टिकते, तिला वेळेचं बंधन नाही. तेव्हा शेजारच्या काकांची वेळ आपल्या गोळीला लावू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणि ते बोरिवलीकर? फ्युरोसेमाइडचा जोर तासाभरात चढतो आणि सहाएक तासांत ओसरतो. हा हिशेब मांडून आम्ही ठरवलं, की गोळी घरी घ्यायचीच नाही. डबी ऑफिसच्या खणात ठेवायची आणि दहा वाजता, जागेवर बसल्यावर घ्यायची. संध्याकाळची गाडी पकडेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. पुढच्या खेपेला ते आले, तेव्हा चपलांऐवजी बूट घालून आले होते.