खारपाणी आणि सहा टँक

(शॉट – विहीर, सकाळ, बादली वर येते)

हे पाणी आधी नीट पाहून घ्या. दिसायला एकदम काचेसारखं, पण तोंडात घेतलं की थुंकून टाकावं लागते. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि भांडं वाळलं की त्यावर पांढरा थर उरतो. हा आमचा खारपाणपट्टा. वरती सातपुडा, खालती अजिंठ्याचे डोंगर, आणि मधून पूर्णा नदी वाहते, तिच्या दोन्ही बाजूनं अमरावती, अकोला, बुलढाणा असा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. वरून काळी कसदार माती, कापूस तूर मूग सगळं होते, पण बोअर मारा नाहीतर विहीर खोदा, खाली खारंच लागते. नदीनं लाखो वर्षं आणून टाकलेला गाळ आहे हा, लय खोल, आणि त्यातलं पाणीच खारट आहे, त्याला कोणी काय करणार.

(शॉट – मीटर बादलीत, आकडा जवळून)

हे टीडीएस मीटर, एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळले ते सांगते. आकडा दिसते का, २४००. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे त्यात ५०० पर्यंत चांगलं म्हणतात, आणि दुसरा पर्यायच नसला तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. म्हणजे आमची विहीर त्याच्याही वर गेली. आता वान, शहानूर धरणाचं गोड पाणी पाइपलाइननं गावागावात येते, आमच्याकडे एक दिवसाआड येते, त्याच्यावर पिणं आणि स्वयंपाक भागतो. गावात किडनीचे पेशंट आहेत, लोक पाण्यालाच दोष देतात, तो विषय मोठा आहे.

तर हे जे पाणी आम्ही जन्मापासून शिव्या देऊन राहिलो, त्याच पाण्यावर माझ्या मावसभावानं घरात मासे वाढवले. खायचे नाही, शोभेचे. मोली आणि गप्पी.

(शॉट – घराचा ओटा, आतली खोली, रॅक पूर्ण दिसते)

ही खोली आधी सरकीची होती. आता ही रॅक आहे. ४ फूट लांब, सव्वा फूट रुंद, ६ फूट उंच, ३ खण, एका खणात २ टँक. बाजारात नवीन तयार रॅकची किंमत विचारली तर १८ हजार सांगितली त्याला. एवढे पैसे आमच्या घरात कापूस विकल्याशिवाय कोणी पाहत नाही. मग तो उठला आणि तालुक्याला गेला, तिथं एक कृषी केंद्र बंद पडून राहिलं होतं, त्यांची औषधाच्या डब्या ठेवायची लोखंडी अँगलची रॅक ८०० रुपयात घेऊन आला. पण औषधाची रॅक म्हणजे कीटकनाशकाचा अंश चिकटलेला असते आणि मासा त्याला कितीतरी नाजूक, म्हणून आधी सोड्यानं ३ वेळा घासली, उन्हात ठेवली, मग ऑइल पेंटचे २ हात मारले. हे काम शूट झालं नाही, मी तेव्हा गावात नव्हतो.

(शॉट – लेव्हल पाइप, गवंडी स्टाइल)

हे मात्र झालं शूट, आणि मला वाटते पूर्ण व्हिडिओत हेच सगळ्यात कामाचं आहे. काच महाग, पंप महाग म्हणून लोक त्याच्याच मागं लागतात आणि जमीन पाहत नाहीत. हिशोब असा की १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. २ बाय १ बाय १ फुटाचा टँक १० इंच भरला तर ४७ लिटर होते, ६ टँकचे २८३ लिटर, काच धरून साडेतीन क्विंटलच्या आसपास. साडेतीन क्विंटल कापूस एका माणसाच्या रुंदीच्या जागेत उभा ठेवला असं समजा, आणि खाली शेणानं सारवलेली मातीची जमीन. पहिल्यांदा भरलं तेव्हा तिसऱ्या दिवशी एक पाय अर्धा इंच रुतला, रॅक झुकली आणि वरच्या टँकची काच कोपऱ्यातून टर्रकन गेली. पाणी पूर्ण खोलीत झालं.

मग त्यानं सगळं रिकामं केलं आणि चारही पायाखाली फरशीचे तुकडे बसवले, मोठे, हातभर. आणि लेव्हलला काय वापरलं तर गवंडी जी पारदर्शक नळी वापरतात तीच, पाणी भरून. नळीचं एक टोक इकडच्या पायाला, दुसरं तिकडच्या पायाला, दोन्हीकडे पाणी सारखं आलं पाहिजे. हे पाहा, किती वेळ लावून राहिला तो. गावातल्या कोणत्याही गवंड्याकडून नळी मागून आणा, एक रुपया लागत नाही.

(शॉट – काच पुसताना, टेप लावताना)

काच कटपीस आहे. काचवाल्याकडे खिडक्यांचे तुकडे उरतात ते ३० रुपये फुटानं मिळाले, ५ एमएमची, सगळी मिळून ४८ फूट. एकच काळजी, आजूबाजूच्या दोन काचा पुढच्या आणि मागच्या काचेच्या मधात बसतात, म्हणून त्या १ फुटापेक्षा १० एमएम कमी कापायच्या, नाहीतर काच तळाच्या बाहेर निघते. कडा पॉलिश पेपरनं पाणी लावून घासल्या. सिलिकॉन लावायच्या आधी कडा स्पिरिटनं पुसायची, बोटाचा तेलकटपणा राहिला की तिथूनच पाणी गळते, पहिल्या टँकचं तेच झालं होतं. सिलिकॉन साधा घ्यायचा, बुरशीविरोधी लिहिलेला बिलकुल घ्यायचा नाही, त्यातलं औषध माशाले चालत नाही. लावला की व्हिनेगरसारखा वास येते. तो वास जाईपर्यंत पाणी भरायचं नाही, आम्ही ३ दिवस थांबलो. काचेच्या खाली थर्मोकोल, अर्धा इंच, म्हणजे अँगलचा उंचसखलपणा काचेला टोचत नाही.

(शॉट – पंप सगळ्यात वरती, नळ्या खाली येताना)

टँकात हवा सोडायचा पंप वरती का ठेवला ते मावशीनं पण विचारलं होतं. आमच्याकडे लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही. पंप खाली असला आणि लाइट गेली की टँकातलं पाणी नळीतून उलटं पंपात येते, पंप जळते आणि टँक रिकामा होते. वरती ठेवलं की झंझट नाही. फिल्टर घरचाच, प्लास्टिकची छोटी बाटली, तळाला गिट्टी, भोवताल स्पंज, मधून हवेची नळी. हवा वर जाते तशी पाणी ओढत नेते, आणि स्पंजमधून पिल्लू ओढलं जात नाही, मोटारच्या फिल्टरमधून गेलं असतं.

आणि ही बॅटरी पाहा. ही कपाशीवर फवारायच्या बॅटरी पंपाची आहे, १२ व्होल्टची. फवारणीचे दिवस सोडले तर घरात पडूनच राहते. त्यावर छोटा डीसी एअर पंप लावला, ३५० रुपयाचा, रात्रभर चालते. फक्त बॅटरी काढताना टाकी आणि नोझल खोलीच्या बाहेर, आणि हात साबणानं धुऊनच आत. एकदा काकानं फवारणीवरून येऊन तसाच हात टँकमध्ये घातला, त्या टँकचे मासे संध्याकाळपर्यंत गेले.

(शॉट – हिशोबाची वही)

वहीत आहे तसं वाचतो. रॅक ८००, काच १४४०, सिलिकॉन ३ नळ्या ५४०, थर्मोकोल १२०, ४ तोंडाचा एअर पंप ६५०, नळ्या आणि व्हॉल्व २००, फिल्टरचं सामान १५०, डीसी पंप ३५०. एकूण ४२५०.

(शॉट – सलाइनचा सेट, थेंब थेंब)

आता पाण्याचं. हा शॉट मी मुद्दाम लांब ठेवला आहे. अकोल्याच्या दुकानातून मोलीच्या ५ माद्या, २ नर आणले, ते सगळे गोड्या पाण्यात वाढलेले. त्याले सरळ आमच्या विहिरीच्या पाण्यात टाकले असते तर गेले असते. कारण असं की गोड्या पाण्यात माशाच्या अंगातली खारटी बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असते, म्हणून पाणी सारखं अंगात शिरत राहते आणि मासा ते लघवीवाटे बाहेर टाकत राहतो, त्याचा सगळा कारभार त्या हिशोबानं बसलेला असते. पाणी एकदम बदललं की त्याला जमवून घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून मेडिकलमधून नवा सलाइनचा सेट आणला, विहिरीचं पाणी वरच्या कॅनमध्ये, मासे खालच्या बादलीत, आणि चाकानं थेंब कमी जास्त करत ५ तास. ५ तास तो बाजूला बसून होता. मावशी आली आणि म्हणाली, "काऊन बाप्पा, मासोयी बिमार आहे का तुही?"

(शॉट – मावशी हसताना, आवाज चालू ठेवा)

मोली खाऱ्या पाण्याला तयार असलेला मासा आहे, हळूहळू सवय लावली तर समुद्राच्या पाण्यातही जगते. गप्पीलाही कडक, थोडं खारट पाणी चालते. आपल्या राज्यात डासांच्या अळ्या खायला जे गप्पी मासे आरोग्य खात्याचे लोक हौदात सोडतात ते हेच, ट्रिनिदादचा एक माणूस होता गप्पी आडनावाचा, त्याच्यावरून १८६६ मध्ये पडलेलं नाव. म्हणजे आम्ही दुसऱ्या गावावरून पाणी आणायचं, त्यात मीठ टाकायचं, ते आम्हाला करावंच लागलं नाही. विहिरीत तयार आहे.

पण दोन गोष्टी. एक, पाणी उडून जाते आणि मीठ तिथंच राहते. रोज कमी झालं तेवढं पाणी विहिरीचंच टाकत गेलं तर महिन्या दोन महिन्यात आकडा कुठल्या कुठं जाईल. म्हणून उडालेलं पाणी भरायला गोडंच पाणी, नळाचं किंवा पावसाचं. नळाचं असलं तर एक दिवस उघड्या बादलीत ठेवून, क्लोरीन जाऊ द्यायची. पावसाचं साठवायला टिनाखाली २०० लिटरचा निळा ड्रम लावला आहे. आणि पाणी बदलायचं असेल तेव्हा जुनं काढून विहिरीचं.

दुसरं, हे पाणी अल्कलीकडे झुकणारं आहे आणि अशा पाण्यात माशाच्या विष्ठेचा अमोनिया जास्त विषारी होते, उन्हाळ्यात तर अजून जास्त. म्हणून टँक भरला आणि मासे टाकले असं इथं चालतच नाही. फिल्टरच्या स्पंजमध्ये जिवाणू वाढले पाहिजे, ते अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, त्याला साधारण महिना लागते. दुकानातल्या चालू टँकचा स्पंज पिळून ते काळं पाणी आणलं त्यानं, त्यामुळे लवकर झालं. लोक त्या पाण्याला घाण म्हणतात, सोनं आहे ते.

(शॉट – मादीचं पोट, मग पिल्लं)

६ टँक कशाला, एकच मोठा का नाही? कारण मोली अंडी देत नाही, सरळ पिल्लं देते, आणि दिल्या दिल्या स्वतःच खाते. आणि एकदा नराशी संबंध आला की मादी ते बीज अंगात साठवून पुढचे काही महिने परत परत पिल्लं देते. म्हणजे कोणत्या नराची पिल्लं ते सांगताच येत नाही. रंगाची चांगली पिल्लं पाहिजे तर नर आणि मादी महिना दीड महिन्यातच वेगळे करावे लागतात, म्हणून एक टँक नराचा, एक मादीचा, एक जोडीचा, एक बाळंतिणीचा, आणि दोन वाढत्या पिल्लांचे. बाळंतिणीच्या टँकमध्ये ही बारीक भोकाची प्लास्टिकची टोपली पाहा, मादी टोपलीत, पिल्लं भोकातून खाली. आणि खताच्या पोत्याची प्लास्टिकची सुतळी उलगडून, धुऊन सोडली आहे, त्यात लपतात.

मे महिन्यात वरच्या खणाचं पाणी खालच्यापेक्षा ३ डिग्री जास्त निघालं, टिनाचं घर आहे. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते. आता वरच्या दोन टँकमध्ये उन्हाळ्यात काहीच ठेवत नाही, बाकीच्यांना ओलं बारदान लावून कूलर. त्या वर्षी ३ माद्या गेल्या.

(शॉट – पिशव्या भरताना)

पहिला लॉट १८० पिल्लं, नगाला ६ रुपये, दुकानदार घेऊन गेला. दुसरा लॉट वाढून राहिला.

हो, एक सांगायचं राहिलं, नको असलेले मासे कोणी पूर्णेत किंवा नाल्यात सोडू नका. दुकानात परत द्या.

(शॉट – मावशी, वाटीत उकडलेल्या अंड्याचा बलक, कपड्यातून गाळून टाकताना)

मावशी विहिरीवरच्या माणसासारखी रोज सकाळी पहिले इथं येते. बलक चिमूटभरच टाकायचा, जास्त झाला की पाणी सडते, ते तिला आता त्याच्यापेक्षा जास्त कळते. तिचं बोलणं मी कापलं नाही, ऐका.

"आपल्याले पिता येत नाही, अन् यायले पाहा कसं मानवलं. पाहा, पाहा, हा काया वाला."