दहा मासे आणि एक वळेसार

सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही दशावतारी गंजिफा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांचे खेळायचे पत्ते, रंगवल्या जातात. १२० गोल पानांच्या या संचात मत्स्यावताराच्या दश्शीवर दहा मासे काढलेले असतात. बाजारात दहा बांगडे मांडले तर त्यांचा वास रस्त्याच्या वळणापर्यंत येतो, पण पानावरच्या माशांना मात्र वासच नाही. ही काही चित्रकाराची चूक नव्हे, कारण खेळणाऱ्याला ते मासे मोजायचे असतात.

मग चित्राला वास येतो तो कशाने? नुसती वासाची वस्तू रंगवून फारसे साधत नाही, वास घेणाराही चित्रात यावा लागतो. इजिप्तमधील नेबामूनच्या थडग्यातील मेजवानीचे चित्र इसवी सनापूर्वी सुमारे १३५० चे असून आता ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातील पाहुण्यांनी कमळे नाकाशी धरलेली दिसतात. पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयातील, सुमारे १५०० सालच्या सहा विणलेल्या भित्तिपटांपैकी पाच पंचेंद्रियांचे आहेत. त्यांतील गंधाच्या पटावरची स्त्री फुले गुंफण्यात गर्क आहे आणि तिच्या मागे बसलेले माकड टोपलीतले फूल उचलून हुंगते आहे. खरे तर त्या पटाला वास येतो तो माकडामुळेच.

जपानी लोकांनी मात्र फूलही काढले नाही आणि नाकही. ‘गेंजी-को’ या खेळात पाच वेळा धूप हुंगायचा, प्रत्येकासाठी एक उभी रेघ ओढायची आणि जे धूप एकच वाटले त्यांच्या रेघांची टोके वरून आडव्या रेघेने जोडायची. अशा ५२ आकृत्या होतात. पुढे किमोनोवरही त्यांची नक्षी आली.

वेंगुर्ल्याजवळच्या आसोलीत सुरंगीच्या सुवासिक फुलांचा हंगाम आहे. फांदीला थेट चिकटून आलेल्या या कळ्या उन्हाने उमलण्याआधीच काढाव्या लागतात, म्हणून गाव पहाटेच झाडांवर चढलेले असते. आमच्या कॅमेऱ्याने पिवळ्या केसरांचा तंतू न् तंतू टिपला, तरीही पडद्यावर ते नुसतेच सुंदर फूल राहिले. ओट्यावर बसलेल्या एका बाईंनी देवीसाठी वळेसार, म्हणजे सुरंगीचा गजरा, ओवला आणि, देवाच्या फुलांचा वास घ्यायचा नसतो म्हणून, हात लांब ठेवूनच तो केळीच्या पानावर ठेवला. उरलेल्या कळ्यांचा बोटभर वळेसार त्यांच्या स्वतःच्या अंबाड्यासाठी होता. तो माळण्याआधी त्यांनी नाकाशी नेला.