आधी पंखा, मग ट्रेनर

नमस्कार. पाऊस सुरू व्हायला आला की पुण्यातल्या सायकलवाल्यांचा एकच प्रश्न असतो: घरात चालवायला कोणता ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र, घेऊ? बहुतेकांनी दोन मॉडेलं आधीच हेरून ठेवलेली असतात. मी त्यांना आधी खोलीबद्दल विचारतो. केवढी आहे, खिडकी कुठे आहे, खालच्या मजल्यावर त्याच जागी कोणाची झोपायची खोली येते? हे कळल्याशिवाय यंत्राबद्दल बोलण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

घरात पाय मारून रस्त्यावर काही फरक पडतो का, अशी शंका ज्यांना असेल त्यांनी मॅथ्यू हेमन आठवावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये हा ऑस्ट्रेलियन सायकलपटू बेल्जियममधल्या एका शर्यतीत पडला आणि त्याच्या हाताचं हाड मोडलं. बाहेर जाणं शक्य नव्हतं, म्हणून गॅरेजमध्ये ट्रेनरवर तो सराव करत राहिला. त्याच एप्रिलमध्ये त्याने टॉम बूननसारख्या मातब्बर सायकलपटूला मागे टाकून पॅरिस-रूबे ही मानाची शर्यत जिंकली. वर्षानुवर्षांची मेहनत त्याच्या पायांत होतीच, पण ती टिकवून धरली घरातल्या सरावाने.

आता खोलीकडे वळू. सायकल चालवताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातली साधारण २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोचते. बाकी सगळी उष्णता होते. तुम्ही १५० वॅटने पेडल मारत असाल, तर अंगातून ४५० ते ६०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. दार लावलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत छोटा हीटर चालू करून बसावं, तसंच हे. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना सेकंदाला आठ मीटरपेक्षा जास्त वेगाने वारा अंगावर येतो, म्हणून तिथे हे जाणवत नाही. घरात तो वारा आपणच निर्माण करावा लागतो.

थोडा हिशोब करू. ५०० वॅट उष्णता नुसत्या घामावाटे घालवायची तर तासाला जवळपास पाऊण लिटर घाम वाळला पाहिजे. नुसता येऊन भागत नाही, वाळला पाहिजे. हनुवटीवरून टपकून फरशीवर पडलेल्या घामाने अंग थंड होत नाही. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत जुलैमध्ये हवेतच इतका ओलावा असतो की घाम वाळायचं नाव घेत नाही. मग वॅट तेवढेच राहतात आणि हृदयाचे ठोके चढत जातात. माणसाला वाटतं, आपला दम गेला. दम गेलेला नसतो, खोली तापलेली असते. अशा दोन-चार संध्याकाळी झाल्या की ट्रेनर कोपऱ्यात जातो आणि त्यावर कपडे वाळत पडतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोष ना माणसाचा असतो ना यंत्राचा.

म्हणून खरेदीच्या यादीत पहिला चांगला पेडेस्टल फॅन लिहा. छताचा पंखा डोक्यावर वारा घालतो, आपल्याला तो छातीवर आणि तोंडावर हवा. हँडलबारच्या उंचीवर, समोरून किंचित तिरका ठेवा. खिडकी उघडी असू द्या, नाहीतर तीच दमट हवा फिरत राहते. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी पाठीमागून दुसरा पंखा लावला तरी मी त्याला चैन म्हणणार नाही.

घामाचं आणखी एक. तो हँडलबारवरून ओघळून स्टेमच्या (हँडलबार धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या) बोल्टांच्या खाचेत आणि हेडसेटच्या, म्हणजे हँडल वळवणाऱ्या बेअरिंगच्या, वरच्या झाकणापाशी साठतो. वरून काही दिसत नाही, पण हँडलला गुंडाळलेल्या टेपखाली अ‍ॅल्युमिनियमचा बार पांढरी भुकटी धरून खात गेलेला असतो. स्टेमवर टॉवेल टाका, राईड संपली की ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.

फ्लॅटमध्ये आवाजापेक्षा स्लॅबमधून जाणारा हादरा जास्त त्रास देतो. आपल्याला तो ऐकू येत नाही, खालच्यांना येतो. जाड रबरी मॅट घ्या आणि ट्रेनर खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईच्या किंवा भिंतीच्या जवळ ठेवा. स्लॅब मध्यभागी सगळ्यात जास्त थरथरतो.

इतकं झालं की यंत्र. रोलर म्हणजे फिरत्या नळकांड्यांवर सायकल मोकळी ठेवून चालवायचा प्रकार. त्याबद्दल थोडक्यात सांगतो: तोल आणि सफाईदार पेडलिंग शिकायला उत्तम, पण दमून डोळ्यांपुढे अंधारी यायच्या सरावाला नकोत.

घरात तीन-चार जणांनी वापरायचं असेल तर स्पिन बाइक, म्हणजे जड चाकाची स्थिर सायकल, बरी. दुकानात गेल्यावर फ्लायव्हील (ते जड चाक) किती किलोचं हे सगळे विचारतात. तुम्ही सीटची आणि हँडलची खिट्टी पाहा. भोकाभोकांवर अडकणारी असेल आणि दोन भोकांत जास्त अंतर असेल, तर गुडघ्याला हवी ती उंची मिळणार नाही. ब्रेक फेल्टच्या (नमद्याच्या) पॅडचा आहे की चुंबकाचा, तेही बघा. पॅड झिजतं, चुंबक झिजत नाही. अनेक स्पिन बाइकमध्ये फ्रीव्हील नसतं, चाक फिरतंय तोवर पेडल फिरत राहतात. घरात लहान मूल असेल तर हे गंभीरपणे घ्या. त्याची बोटं चाकाजवळ जाता कामा नयेत, राईड संपली की ब्रेकची मूठ आवळून ठेवा.

स्वतःची सायकल असलेल्यांपुढे दोन मार्ग. एकात मागचं चाक ट्रेनरच्या छोट्या रोलरवर टेकतं, दुसऱ्यात चाक काढून सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचावर, बसते. पहिला स्वस्त, पण टायर झिजतो आणि टायरमधली हवा किंवा रोलरचा दाब बदलला की वॅटचे आकडे बदलतात. दुसरा शांत आणि भरवशाचा. तो घेताना तुमच्या सायकलला किती स्पीडची कॅसेट आहे आणि मागचा एक्सल (चाकाचा आस) क्विक रिलीज म्हणजे खटक्याने सुटणारा आहे की थ्रू म्हणजे आरपार जाणारा, हे लिहून घेऊनच दुकानात जा. कॅसेट अनेकदा वेगळी घ्यावी लागते.

वॅटच्या अचूकतेवर फार पैसे घालू नका. डिसेंबर २०२० मध्ये सायकलिंग ई-स्पोर्ट्सची, म्हणजे ट्रेनरवर बसून पडद्यावर खेळायच्या शर्यतीची, पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा आपापल्या घरून खेळणाऱ्या स्पर्धकांना आयोजकांनी एकाच मॉडेलचे ट्रेनर दिले होते, कारण दोन यंत्रांचे आकडे जुळतीलच असं नाही. आपल्याला शेजाऱ्याला हरवायचं नाही. आपलं यंत्र मंगळवारी आणि शनिवारी सारखंच मोजतंय, एवढं पुरे. त्यासाठी दहा मिनिटं चालवून यंत्र गरम झाल्यावर कॅलिब्रेशन करा, म्हणजे त्याचं मोजमाप जुळवून घ्या.

घाटाची तयारी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी फारसं कोणी सांगत नाही. सपाट रस्त्यावर वेग तुम्हाला पुढे ओढून नेतो. सिंहगडाच्या चढावर पेडल जरा सैल सोडलं की सायकल तिथल्या तिथे मंदावते. ट्रेनरवर हा फरक फ्लायव्हीलच्या वेगातून येतो. अर्ग मोडमध्ये ठरवलेले वॅट ट्रेनर स्वतःच कायम ठेवतो, तेव्हा पुढची लहान चकती आणि मागची मोठी चकती लावा. फ्लायव्हील हळू फिरेल, पाय पूर्ण फेरी जोर लावायला शिकतील आणि आवाजही कमी होईल. मोठ्या गिअरवर तेच वॅट सपाट हायवेसारखे वाटतात.

विजेचाही विचार करा. बरेच स्मार्ट ट्रेनर, म्हणजे प्रतिकार आपोआप बदलणारे, वीज गेली की प्रतिकार सोडतात आणि पेडल रिकामे फिरतात. मोजकी मॉडेलं पेडलिंगमधूनच आपल्यापुरती वीज बनवतात. जिथे भारनियमन रोजचं आहे, तिथे हँडलवरच्या लिव्हरने चालणारा साधा चुंबकी ट्रेनर सगळ्यात कमी कटकटीचा. महागडा परदेशी घेताय तर वॉरंटीत तो कुठे पाठवायचा हे आधी विचारा. १५-२० किलोचा डबा परदेशात पाठवायचा खर्च दुरुस्तीपेक्षा जास्त होतो.

जुना घेत असाल तर रोलर हाताने फिरवून कान लावा, बेअरिंग गेलं असेल तर खरखर ऐकू येईल. फ्लुइडचा, म्हणजे आतल्या तेलाने प्रतिकार देणारा, असेल तर युनिटच्या खालच्या बाजूला बोट फिरवून तेल लागतंय का बघा. अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे ना, हे विचारा. आणि जमलं तर त्याच घरात पंधरा मिनिटं चालवून मगच पैसे द्या.