कार्लोस ग्रासिदा: हंगामामागून फिरणारा संसार

फ्लोरिडातील वेलिंग्टन या गावात जानेवारीपासून एप्रिलपर्यंत माणसांपेक्षा घोड्यांच्या वेळापत्रकाला अधिक मान असतो. अमेरिकेचा उत्तर भाग थंडीने गारठलेला असताना येथील मैदाने हिरवीगार असतात, आणि अर्जेंटिना, मेक्सिको, इंग्लंड अशा अनेक देशांतून आलेले खेळाडू, मोतद्दार, नालबंद आणि पशुवैद्य हंगामापुरते येथे बिऱ्हाड मांडतात. मेक्सिको सिटीत १९६० साली जन्मलेले पोलोपटू कार्लोस ग्रासिदा त्यांच्यापैकीच एक होते. पुढे वेलिंग्टन हेच त्यांचे घर झाले.

पोलोचा आजचा खेळ मणिपूरच्या मैदानांवरून इंग्रज अधिकाऱ्यांनी उचलला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इंग्लंड, अर्जेंटिना आणि अमेरिकेत पोहोचला. मुंबईकरांना तो महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पाहायला मिळतो. संस्थानिक, लष्करी अधिकारी आणि उद्योगपती यांचा खेळ अशीच त्याची ओळख आपल्या मनात असते, आणि ती फारशी चुकीचीही नाही. मात्र या खेळावर पोट भरणारी माणसेही असतात, आणि ग्रासिदा घराणे त्या माणसांचे होते. घोड्यांची पारख करणे, कच्चे जनावर घडवणे, त्याला धावत्या गर्दीत निर्धास्त वळायला शिकवणे, ही या घराची विद्या होती.

१९४६ साली, महायुद्धानंतर अमेरिकेची खुली पोलो स्पर्धा न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील मेडोब्रुक क्लबात पुन्हा भरली, तेव्हा मेक्सिकोच्या संघाने ती जिंकली. त्या संघातील चारही खेळाडू सख्खे भाऊ होते: गाब्रिएल, गियेर्मो, आलेहांद्रो आणि होसे ग्रासिदा. त्यांतील गियेर्मो हे कार्लोस यांचे वडील. पोलोत प्रत्येक संघात चारच खेळाडू असतात, त्यामुळे त्या दिवशी मैदानावरची एक पूर्ण बाजू एकाच घरातली होती.

वडिलांचेच नाव घेतलेला थोरला मुलगा, म्हणजे १९५६ साली जन्मलेला मेमो (गियेर्मो या नावाचे लाडके रूप), आधी सीमा ओलांडून गेला. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ परिसरात तेलाच्या व्यवसायातील स्टीव्ह गोस यांनी रेटामा नावाचे पोलो केंद्र उभारले होते. मेमो यांनी तेथे नाव कमावले आणि अमेरिकेची खुली स्पर्धा पुढे तब्बल १६ वेळा जिंकली. हा विक्रम आहे. धाकट्या कार्लोससाठी वाट अशी आधीच मळलेली होती. परदेशात पाय रोवणाऱ्या कुटुंबांत बहुधा असेच घडते. पहिला जातो तो ओळखी जोडतो आणि मागून येणाऱ्याला निदान घोड्याची सोय तरी तयार मिळते.

या पेशाचे गणित येथे समजून घ्यायला हवे, कारण त्याशिवाय या माणसाचे आयुष्य उलगडत नाही. पोलोत प्रत्येक खेळाडूला उणे दोनपासून दहापर्यंत दर्जा दिला जातो आणि त्याला गोल असे म्हणतात. सामन्यात त्याने किती गोल केले याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो. दहा गोलांचा खेळाडू जगात एका वेळी मोजकाच असतो. स्पर्धेत चौघांच्या दर्जाची बेरीज ठरलेल्या मर्यादेत, समजा बावीसच्या आत, राहावी लागते. संघाचा खर्च उचलणारा धनिक, ज्याला पेट्रन म्हणतात, तो स्वतःही संघातून खेळतो, आणि त्याचा दर्जा पुष्कळदा शून्य किंवा एक असतो. म्हणजे आपल्याला पगार देणाऱ्या माणसाला सांभाळून घ्यायचे, त्याच्या वाट्याला चेंडू येईल असे पाहायचे, तो चुकला तर ती चूक भरून काढायची आणि सामनाही जिंकायचा, अशी ही चाकरी आहे. कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादाला सावकाराच्या मुलाबरोबर जोडीने फडात उतरवावे आणि दोघांची कुस्ती मिळून मोजावी, तसा हा प्रकार म्हणता येईल. मेमो २१ वर्षे आणि कार्लोस १५ वर्षे दहा गोलांच्या दर्जावर राहिले, हे या चाकरीच्या हिशेबातच पाहिले पाहिजे. इंग्लंडमध्ये तर प्रिन्स चार्ल्सही कार्लोस यांच्याबरोबर मैदानात उतरले.

मैदान सुमारे २७५ मीटर लांब आणि त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक रुंद असते. सात मिनिटांचे एक चक्कर संपले की खेळाडू घोडा बदलतो, कारण इतक्या अंतरावर पूर्ण वेगाने धावणे, अचानक थांबणे आणि उलट फिरणे एका जनावराला लागोपाठ झेपत नाही. त्यामुळे मोठ्या सामन्याला एका खेळाडूच्या दिमतीला सात-आठ घोडे उभे असतात, आणि त्यांतही घोड्यांपेक्षा घोड्यांच्या माद्या अधिक. त्यांना पहाटे फिरवणे, पायांना पट्ट्या बांधणे, शेपट्या वेणी घालून आवळणे, खोगीर चढवणे ही कामे मोतद्दार करतात आणि तेही बहुतेक परदेशातून आलेले असतात. टाळ्या वाजतात तेव्हा ते पुढच्या चक्कराचा घोडा धरून कडेला उभे असतात.

व्यावसायिक पोलोपटूचे वर्ष ऋतूंनी कापलेले असते. हिवाळा फ्लोरिडात जातो. मे महिन्यात इंग्लंडचा हंगाम उघडतो आणि जुलैमध्ये काउड्रे पार्कवरील गोल्ड कपाने तो शिखरावर पोहोचतो. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत अर्जेंटिना, कारण तेथे तेव्हा वसंत असतो. ज्या घरात असा खेळाडू आहे त्या घराला मुलांची शाळा, सणवार, आजारपण हे सारे या वेळापत्रकात बसवावे लागते, आणि ते नेहमीच बसते असे नाही. मुलांचे बालपण मैदानांच्या कडेने, तबेल्यांत आणि विमानतळांवर जाते. साहजिकच चालायला लागल्यावर थोड्याच दिवसांत ती घोड्यावर दिसतात. कार्लोस यांचे दोन्ही मुलगे पोलोपटू झाले. ग्रासिदांच्या घरात वडील आणि गुरू ही दोन निराळी माणसे कधी नव्हतीच.

कार्लोस यांच्या वाट्याला आलेली विजेतेपदे मोजली तर अमेरिकेची खुली स्पर्धा ९ वेळा, इंग्लंडचा गोल्ड कप १० वेळा आणि अर्जेंटिनाची खुली स्पर्धा ५ वेळा. माझ्या मते यांतला शेवटचा आकडा सर्वांत वजनदार आहे. ब्युनोस आयर्समधील पालेर्मोच्या मैदानावर पेट्रनची सोय नसते. तेथे चारही खेळाडू पट्टीचे लागतात, आणि ते जवळजवळ नेहमीच अर्जेंटिनाचे असतात. अशा ठिकाणी एका मेक्सिकन माणसाला संघात घेतले जाणे हीच मोठी पावती होती. १९९४ साली एयेर्स्तिना संघाने गोन्सालो पिएरेस, मारियानो अगेर्रे आणि तेव्हा विशीच्या आत असलेल्या आदोल्फो काम्बियासो यांच्यासह अर्जेंटिनाच्या तिन्ही मोठ्या स्पर्धा एकाच हंगामात जिंकल्या, तेव्हा त्या संघातील चौथे नाव कार्लोस ग्रासिदा यांचे होते. आपल्या निम्म्या वयाचा वाटावा अशा मुलाला ते मैदानावर जागा करून देत होते, आणि तोच मुलगा पुढे जगातील सर्वश्रेष्ठ पोलोपटू म्हणून ओळखला गेला.

पन्नाशी ओलांडल्यावरही कार्लोस खेळत राहिले. २५ फेब्रुवारी २०१४ रोजी वेलिंग्टनमध्ये सामना सुरू असताना प्रतिस्पर्ध्याची मॅलेट, म्हणजे चेंडू मारण्याची लांब काठी, चुकून त्यांच्या घोड्याच्या डोक्याला लागली. घोड्याने मान झटक्यात वर उसळवली, ती त्यांच्या चेहऱ्यावर आदळली आणि ते खाली कोसळले. डोक्याला झालेल्या दुखापतीतून ते सावरले नाहीत. तेव्हा त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. पोलोत असे अपघात घडतात हे प्रत्येक घरातल्या माणसांना ठाऊक असते, तरी सर्वांत कसलेल्या घोडेस्वारालाही ते टळत नाहीत, याची जाणीव त्या आठवड्यात वेलिंग्टनच्या साऱ्या तबेल्यांत होती.

वेलिंग्टनपासून मोटारीने थोड्याच अंतरावर, लेक वर्थ येथे पोलोचे संग्रहालय आहे. तेथील मानकऱ्यांच्या यादीत मेमो आणि कार्लोस या दोघांचीही नावे आहेत. घरातील पुढच्या पिढीची मुले अमेरिकेत व्यावसायिक पोलो खेळतात.