आधी डबा, मग सबवूफर

मित्रहो, बोलण्याआधी एक प्रयोग करू. टेबलावर हा गाडीत बसवायचा बारा इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बेस वाजवणारा स्पीकर, उताणा ठेवलाय, कशातही बसवलेला नाही. मी त्याला 40 हर्ट्झचा सलग सूर देतोय. त्याचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, केवढा वरखाली होतोय ते पुढच्या रांगेत नुसत्या डोळ्यांनी दिसेल. आणि ऐकू काय येतंय? जवळपास काहीच नाही. आता हाच सबवूफर मी या लाकडी पेटीच्या तोंडावर उचलून ठेवतो. स्क्रूही लावत नाही, अॅम्पच्या, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या, बटणाला हातही लावत नाही. बघा, पायांखाली जाणवलं ना?

झालं काय, तर कोन वर येतो तेव्हा वरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी खालची विरळ होते. 40 हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. एवढ्या लांब लहरीसमोर बारा इंचांची कड ती काय? वरचा दाब कडेवरून वळून खालची पोकळी भरून काढतो आणि दोघांचा हिशेब शून्यावर येतो. डबा या दोघांना एकमेकांपासून तोडतो. डग्ग्याची पुडी भांड्यावरून उतरवून वाजवली तर जे होईल तेच सुट्या सबवूफरचं होतं. तो अर्धंच वाद्य आहे.

म्हणून माझं सांगणं उलट्या क्रमाचं आहे. बहुतेक जण आधी वॅट आणि मॅग्नेटचा आकार बघून सबवूफर घेतात, मग त्याला डबा केवढा लागेल ते विचारतात, आणि शेवटी तो डबा डिकीत बसत नाही म्हणून कापून लहान करतात. तिथेच सगळं बिघडतं. आधी टेप घेऊन डिकी मोजा. सामानासाठी किती जागा सोडायची ते घरच्यांशी बोलून ठरवा. उरलेल्या लिटरांत जो सबवूफर नीट चालेल तोच घ्या.

केएलएच या स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जे. अँटन हॉफमन, यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. खोलवर जाणारा बेस, थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज आणि लहान डबा, यांपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तिसरी सोडावी लागते. तिन्ही एकत्र देतो म्हणणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

आता सील्ड, म्हणजे पूर्ण बंद, डबा. एडगर व्हिल्चर यांनी 1954 साली हवेच्या स्प्रिंगवर चालणारा लहान बंद स्पीकर बाजारात आणला. त्यामागची कल्पना साधी आहे: बंद डब्यातली हवा कोनाला मागून आधार देते. डबा जितका लहान, तितकी ही स्प्रिंग कडक. किती कडक चालेल, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. नेव्हिल थील यांचा 1961 चा शोधनिबंध आणि त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकात केलेलं काम, यांमुळे प्रत्येक सबवूफरच्या कागदावर आज तीन आकडे मिळतात: एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस. एफएस म्हणजे कोनाची स्वतःची कंपनसंख्या. क्यूटीएस म्हणजे हललेला कोन किती लवकर आवरतो त्याचं माप. आणि व्हीएएस म्हणजे कोनाच्या सस्पेन्शनइतकीच, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या लवचीक भागांइतकीच, लवचीक असलेली हवा किती लिटर भरेल तो आकडा.

एक उदाहरण करून बघू. एफएस 30, क्यूटीएस 0.5, व्हीएएस 50 लिटर. व्हीएएसला डब्याच्या लिटरांनी भागा, एक मिळवा, वर्गमूळ काढा. 50 लिटरच्या डब्यात उत्तर 1.41 येतं. त्याने क्यूटीएसला गुणलं की 0.707, म्हणजे सपाट, कुठेही न फुगणारा बेस. त्यानेच एफएसला गुणलं की 42 हर्ट्झ; त्याखाली आवाज उतरू लागतो. आता डबा निम्मा करा, 25 लिटर. पहिला आकडा 0.87 होतो, दुसरा 52. म्हणजे खालचे सूर गेले आणि 90 हर्ट्झपाशी हलका फुगवटा आला; डबा आणखी लहान केला की तो वाढत जातो. गाणं कुठलंही लावा, बेस एकाच सुरात घुमतोय असं वाटतं ते बऱ्याचदा यामुळे. दोष सबवूफरला दिला जातो, चूक लिटरांची असते.

गाडीत सील्ड डब्याला एक मोठी साथ मिळते आणि मला तिचं फार अप्रूप आहे. अर्धी लहर केबिनच्या लांबीपेक्षा मोठी झाली की आतली हवा अख्खीच्या अख्खी दाबली-सोडली जाते आणि खालचा बेस आपोआप वाढत जातो. अडीच मीटरच्या केबिनमध्ये हे 70 हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. ही वाढ कागदावर दर सप्तकाला 12 डेसिबल असते, आणि सील्ड डब्याचा आवाज खाली उतरतो तोही 12 नेच. एक उतरतो, दुसरी उचलते. खऱ्या गाडीत काचा, दारं, पत्रा थरथरतात, फटी असतात, त्यामुळे वाढ कमी मिळते; तरीही घरात फिका वाटणारा सील्ड डबा गाडीत खोल वाजतो तो यामुळेच. काच उघडा, लगेच फरक कळेल.

पोर्टेड, म्हणजे हवेसाठी पोर्ट नावाची नळी बसवलेल्या, डब्याचं पेटंट बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांना 1932 मध्ये मिळालं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो सूर येतो, तेच तत्त्व. पोर्टमधली हवा एका ठरावीक सुराला स्वतः वाजते. त्या सुरापाशी कोन जेमतेम हलतो आणि आवाज मात्र भरपूर येतो. पण त्याच्या खाली पाठीमागचा आधारच सुटतो. कोन मोकाट धावतो, आणि फार खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर लावला नसेल तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, मागच्या प्लेटवर आपटून सबवूफर कायमचा जाऊ शकतो. आवाज उतरतो तोही दर सप्तकाला 24 डेसिबलने.

पोर्टसाठी जागाही हिशेबात धरा. 50 लिटरचा डबा 35 हर्ट्झला लावायचा आणि पोर्ट 10 सेंटिमीटर व्यासाचा, तर लांबी सुमारे 31 सेंटिमीटर. मोठ्या आवाजात हवा पोर्टमधून फुसफुसते म्हणून व्यास 15 केला, की लांबी 75 वर जाते. ती या डब्यात सरळ मावणारच नाही. ‘सील्डचा बेस घट्ट, पोर्टेडचा सैल’ हे वाक्य मला पटत नाही. नीट मोजून केलेला पोर्टेड डबा सुरेख वाजतो. पण त्यात चुकीला जागा कमी असते, म्हणून पहिला डबा स्वतः करणाऱ्याला मी सील्डच करायला सांगतो.

मी केलेला पहिला डबा बाहेरून 50 बाय 40 बाय 35 सेंटिमीटर होता. गुणाकार केला, 70 लिटर आले, खूश झालो. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला फळा, 18 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे आतून लिटर उरले 53. त्यातून सबवूफरचं मागचं अंग आणि मधली आधाराची पट्टी वजा केली की 50. माझा सबवूफर 65 लिटरचा हिशेब करून घेतलेला. वर भर म्हणजे प्रत्येक ठोक्याला मागून बारीक फुस्स आवाज येत होता. ओलं बोट सगळ्या सांध्यांवरून फिरवत गेलो. सांधे पक्के होते. वायर जोडायच्या टर्मिनलपाशी बोटाला गार झुळूक लागली. तिथे सिलिकॉन भरल्यावरच तो बंद डबा खऱ्या अर्थाने बंद झाला. तेव्हापासून कोन हाताने हलके दाबून सोडतो. तो सावकाश परत आला तर डबा बंद, झटकन आला तर कुठेतरी गळती.

वॅटबद्दल थोडक्यात. आरएमएसचा, म्हणजे सतत पेलवणाऱ्या ताकदीचा, आकडा बघा; पीकचा, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा, सोडून द्या. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त 3 डेसिबल. एक सप्तक खाली तेवढाच आवाज हवा असेल तर कोनाला चौपट धाव लागते, म्हणून एक्समॅक्स, म्हणजे कोन किती धाव घेऊ शकतो तो आकडा, आणि कोनाचा आकार वॅटपेक्षा महत्त्वाचे. अॅम्पचा गेन, म्हणजे स्टिरिओकडून येणारा सिग्नल अॅम्पशी जुळवायचं बटण, हा व्हॉल्यूम नव्हे. बॅटरीकडून येणाऱ्या जाड वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवाच. यात तडजोड नाही.

डबा तयार झाला की लगेच कायमचा बसवू नका. डिकीत आधी मागच्या दाराकडे तोंड करून ठेवा, मग सीटकडे, मग वर. ओळखीचं गाणं लावून दर वेळी चालकाच्या जागेवर येऊन ऐका आणि अॅम्पवरचा फेजचा खटका, म्हणजे कोनाची पुढे-मागे दिशा उलटवणारा, दोन्हीकडे फिरवून बघा. ठोका मागून न येता समोरच्या स्पीकरांमधूनच येतोय असं जिथे वाटेल, तिथे खूण करा आणि डबा पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्याला आवळून बांधा, कारण जोराचा ब्रेक लागला की वीस-पंचवीस किलोचा सुटा डबा सीटवर येऊन आदळतो.